तक्ता सरांचं कुलूपबंद वेळापत्रक

आमच्या शाळेत आजवर पाच मुख्याध्यापक झाले, पण वेळापत्रक करणारा माणूस एकच राहिला. गणिताचे सर. मुलं त्यांना तक्ता सर म्हणतात. शिक्षकही पाठीमागे तेच म्हणतात आणि सरांना ते ठाऊक आहे. "म्हणू देत," ते सांगतात, "खरं नाव घेऊन शिव्या घालण्यापेक्षा बरं."

शिव्या घालायला कारणही असतं. एकतीस तुकड्या, चव्वेचाळीस शिक्षक, दोन प्रयोगशाळा, एकच मैदान, आणि आठवड्याचे दिवस काही केल्या वाढत नाहीत. पहिला तास कुणालाच नको असतो. शेवटचाही नको असतो. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तर कुणी आपल्या वैऱ्यालाही देणार नाही. हे सगळं एका कागदावर असं बसवायचं की कुणी एकाच वेळी दोन वर्गांत दिसता कामा नये आणि एकही वर्ग बिनशिक्षकाचा राहता कामा नये. त्यात काय, चौकोन तर भरायचे, असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना मी सांगते, घरातल्या चार माणसांचं आंघोळीचं वेळापत्रक करून दाखवा, मग बोलू.

मी या शाळेची जुनी विद्यार्थिनी. शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि शाळेतले सगळे कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात आहेत. स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." तिथे माझं डोकं फिरतं. वीस वर्षांत आपोआप झालेलं मी काहीही पाहिलेलं नाही.

सरांची पद्धत सगळ्या शाळेला पाठ आहे. सुट्टीचे शेवटचे तीन आठवडे ते जिन्याशेजारच्या सामानाच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात. एक अख्खी भिंत फळ्याची. खिडक्या बंद, दाराला आतून कडी. हातात रंगीत खडू. प्रत्येक विषयाला एक रंग. लिहायचं, लांब जाऊन बघायचं, डोकं खाजवायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. सगळं मनासारखं जमलं की कॉम्प्युटरमध्ये भरायचं आणि फळा स्वच्छ पुसून टाकायचा. शाळा उघडते त्या दिवशी सकाळी कागद छापून लावेपर्यंत ते वेळापत्रक जगात दुसऱ्या कुणीही पाहायचं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा कच्चा कागद बाहेर फुटला होता. संध्याकाळपर्यंत सतरा शिक्षक सरांच्या घरी हजर झाले आणि त्यातले दोघे रडत होते. तेव्हापासून ही कडी.

तर त्या शनिवारी सकाळी शाळेच्या शिपाईमामांचा फोन आला.

"ताई, तक्ता सरांचा कॉम्प्युटर गेला."

"कुठे गेला?"

"आहे जागेवरच. पण गेला. आणि सर काही बोलेनात. तुम्ही या."

शाळा सोमवारी उघडणार होती. सर चार महिन्यांनी निवृत्त होणार होते, म्हणजे हे त्यांचं शेवटचं वेळापत्रक. मी हातातलं काम तसंच टाकून निघाले.

सर दारातच उभे होते. पांढरे केस, पांढरा शर्ट, बाह्यांवर खडूची भुकटी. मला बघून म्हणाले, "ये, सत्तावीस." सत्तावीस हा माझा नववीतला हजेरी क्रमांक. जुन्या विद्यार्थ्यांना ते अजून नंबरानेच हाका मारतात आणि एकही चुकत नाहीत. बाजारात भेटलेल्या टक्कल पडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला ते "काय रे, बारा" म्हणतात आणि तो बारा लगेच सरळ उभा राहतो.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही. काल संध्याकाळी शेवटचा चौकोन भरला, फळा पुसला, कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेलो. आज छापायला आलो तर हे असं."

दुसरं कुणी असतं तर मी फाडून खाल्लं असतं. सरांना नुसतं "हं" म्हणाले आणि बटण दाबलं. पंखा घुमला, कंपनीचं चिन्ह आलं, छोटे ठिपके गोल गोल फिरले, आणि पडदा निळा झाला. काहीतरी बिघडलंय, माफ करा, असा मजकूर. मग आपणच बंद, आपणच चालू, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

कॉम्प्युटर नेहमीच्या दाराने आत जाईना तर त्याच्यासाठी एक मागचं दार ठेवलेलं असतं. रिकव्हरी मोड म्हणतात त्याला. तिथून आत शिरायचं, कुठे काय पडलंय ते बघायचं, डागडुजी करायची आणि बाहेर यायचं. मी बाह्या सरसावून मागच्या दाराने शिरले. "दुरुस्तीची तयारी सुरू आहे" अशी ओळ आली, ठिपके फिरले, आणि पुन्हा निळा पडदा. म्हणजे दुरुस्तीच्या खोलीत पाऊल टाकायच्या आतच हा माणूस उंबऱ्यावर कोसळत होता.

आता इथे मी चुकले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरने बंद होताना कुठलंसं नवीन अपडेट उतरवून घेतल्याचं सरांनी मधेच सांगितलं होतं. तेवढ्यावर मी निकाल देऊन मोकळी झाले, की हा त्या अपडेटचा प्रताप. शिवाय मला एक खोड आहे. पेटी न उघडता दुरुस्ती केली की मला फार मोठं काही केल्यासारखं वाटतं. स्क्रू काढणं ही माझ्या मते हार. म्हणून मी रिकव्हरी मोडमध्ये या वाटेने गेले, त्या वाटेने गेले, सात वेळा गेले. सातही वेळा कोसळला. मग मी माझा पेनड्राइव्ह लावला. त्यात एक संपूर्ण वेगळी यंत्रणा असते, कॉम्प्युटरच्या आतलं काहीही न वापरता तो सुरू होऊ शकतो. तोही अर्ध्यात कोसळला. एखाद्या शहाण्या बाईला तेव्हाच कळलं असतं. मी पेनड्राइव्ह खराब आहे म्हणून दुकानात जाऊन दुसरा घेऊन आले. तोही कोसळला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन तास मी ज्याला दोष देत होते तो निर्दोष होता. दोष कुठल्याशा भागात होता, पेटीच्या आत.

सर तोवर एका खडूच्या खोक्यावर बसून माझ्याकडे बघत होते. मला नववीची परीक्षा आठवली.

"सर, मशीनचं नंतर बघू," मी म्हणाले. "आधी वेळापत्रक वाचवू. मी डिस्क काढते आणि माझ्या लॅपटॉपला लावते. दहा मिनिटांत फाइल तुमच्या हातात."

सरांचा चेहरा उजळला. "मग हे आधी का नाही केलंस?"

"आधी का नाही केलं ते विचारू नका. चावी सांगा फक्त."

ही चावी म्हणजे काय ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी सरांनी माझ्यामागे धोशा लावून त्या डिस्कला कुलूप घालून घेतलं होतं. कुणी डिस्क चोरून नेली तरी वेळापत्रक वाचता येता कामा नये. मी म्हटलं, सर, हे वेळापत्रक आहे, अणुबॉम्ब नाही. ते म्हणाले, तू कधी स्टाफरूममध्ये बसलेली नाहीस. शेवटी मी कुलूप घातलं. ती डिस्क त्याच कॉम्प्युटरमध्ये असली की कुलूप आपोआप उघडतं. दुसरीकडे लावली तर अठ्ठेचाळीस आकडी नंबर मागते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो मी कागदावर छापून दिला आणि बजावलं, जिवापलीकडे जपा. सरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्या डोळ्यांदेखत फाडून कचऱ्यात टाकला. "पाठ झाला," म्हणाले. ताडून बघावं म्हणून म्हणायला सांगितलं तर घडाघडा म्हणून दाखवला, वर उलटाही म्हणून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. कागद पुन्हा छापून माझ्याकडे ठेवायची अक्कल मात्र मला झाली नाही. ती दोघांची मिळून चूक.

"लिही," सर म्हणाले आणि उभे राहिले. हात मागे बांधले, मान वर केली. पेटी उघडण्याआधी चावी हाताशी असावी म्हणून मी ती लॅपटॉपवर टाइप करून घेऊ लागले. पहिला गट, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. कुठे अडखळणं नाही.

"सहावा," मी म्हणाले.

"सहावा," सर म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "पहिल्यापासून घेऊ." पहिल्यापासून घेतलं. पाचव्याशी थांबले. तिसऱ्यांदा चौथ्याशीच थांबले. "जरा पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. दाराच्या फटीतून मला ते नळापाशी दिसत होते. पाणी पीत नव्हते. ओठ हलत होते.

ते परत आल्यावर मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "जाऊ द्या सर तो नंबर. तुम्हाला वेळापत्रक तर पाठच असेल. तुम्ही सांगा, मी भरते. आजचा दिवस आहे, उद्याचा आहे. होऊन जाईल."

सर पुन्हा खोक्यावर बसले. हातातला खडू फिरवू लागले.

"सत्तावीस," ते म्हणाले, "तुझ्या नववीचा गुरुवार सांगू? पहिला तास भाषा, दुसरा गणित, तिसरा गणित, कारण भूगोलाचे सर तेव्हा आजारी होते. चौथा चित्रकला. तू खिडकीशी बसायचीस. हे सगळं आहे. पण मागच्या आठवड्यात मी या फळ्यावर काय लिहिलं ते विचारू नकोस. गेल्या वर्षापासून राहत नाही गं लक्षात. आधी वेळापत्रक माझ्या डोक्यात असायचं, फळा आपला सोयीसाठी. यंदा फळ्यावर होतं तेवढंच होतं. फळा पुसला आणि माझ्यापाशी काही उरलं नाही."

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"पुन्हा करायचं तर तीन आठवडे लागतील, तेही जमलं तर," ते पुढे म्हणाले. "सोमवारी कागद लागला नाही की सगळ्यांना कळेल. माझे चार महिने राहिलेत. ते मला तक्ता सर म्हणून काढायचेत. बिचारे सर म्हणून नाही."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी चिडते, हा माझा जन्मजात दोष आहे. "कोण बिचारं म्हणतंय बघतेच मी," असं काहीतरी ओरडून मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पेटीचं झाकण उघडलं.

उघडलं आणि बघतच राहिले. आत सगळं पांढरं होतं. नुसतं पांढरंही नाही, नीट पाहिलं तर त्यात गुलाबी होतं, पिवळं होतं, फिकट निळं होतं. प्रोसेसरच्या पंख्याच्या पाती खडूच्या भुकटीने जाड झाल्या होत्या. खालच्या जाळीची एकेक फट बुजली होती. वायरींवर, पट्ट्यांवर, जिथे म्हणून बसायला जागा होती तिथे खडू बसला होता.

"सर, कॉम्प्युटर नेहमी इथेच असतो? फळ्याखाली?"

"वायर इथपर्यंतच पुरते."

"आणि तुम्ही खिडक्या बंद करून तीन तीन आठवडे याच्या डोक्यावर फळा पुसता."

सर वाकून आत बघू लागले.

"काहीच केलं नाही म्हणालात ना?"

"नाहीच केलं," सर म्हणाले. "फक्त पुसलं." आणि मग आम्ही दोघंही जे हसत सुटलो ते थांबेचना. इतक्या वर्षांत खोडलेलं सगळं त्या पेटीत जाऊन बसलं होतं. तिथे कुणाचे पहिले तास होते, कुणाचे शेवटचे, आणि शाळेत कधीच न घडलेले कितीतरी मंगळवार होते.

मग कामाला लागलो. चित्रकलेच्या कपाटातून सरांनी मऊ ब्रश आणले, मी ब्लोअर लावला. खोलीत असा काही धुरळा उठला की समोरचं दिसेना. शिपाईमामा चहा घेऊन आले, त्यांनी दार उघडलं, आत उभ्या दोन पांढऱ्या आकृती पाहिल्या, आणि दार पुन्हा लावून घेतलं. चहा बाहेरच्या बाकावर ठेवलेला आम्हाला नंतर सापडला.

पंखा साफ झाला, जाळी मोकळी झाली. मी बटण दाबलं. चिन्ह आलं, ठिपके आले, फिरत राहिले. आधीपेक्षा जास्त वेळ फिरले. मी हात जोडायच्या बेतात होते. निळा पडदा!

सर बाजूला झाले. खिडकीशी गेले आणि तीन आठवड्यांची बंद खिडकी उघडून बाहेर बघत उभे राहिले. त्यांची पाठ बघवत नव्हती.

मी पुन्हा पेटीत डोकं घातलं. आत रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या होत्या. एक उपसून काढली. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, त्या दातांनीच ती बोर्डाला धरते. ते दात सोनेरी राहिलेच नव्हते. दमट हवेत खडू त्यांच्यावर चिकटून राखाडी थर झाला होता. पट्टी धड पकडत नसेल तर कॉम्प्युटर कुठल्याही दाराने आत गेला तरी कोसळणारच. पुढच्या काय, मागच्या काय आणि माझ्या पेनड्राइव्हच्या काय.

"सर, खोडरबर आहे?"

गणिताच्या माणसाच्या खिशात खोडरबर नसेल तर कुणाच्या असणार! मी दोन्ही पट्ट्यांचे दात हलक्या हाताने घासले, खाचा ब्रशने झाडल्या, आणि एकच पट्टी दुसऱ्या खाचेत घट्ट बसवली. टक्क असा आवाज आला. बटण दाबलं.

"सर, या, बघा."

"नको. तू सांग."

चिन्ह आलं. ठिपके फिरू लागले. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. चाळीस झाले, साठ झाले. ठिपके गेले आणि पडद्यावर एक शांत चौकोन आला, पासवर्ड मागणारा.

"सर, पासवर्ड मागतोय!"

सर वळले. आले, खुर्चीत बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाही आठवायला लागणार. सरांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि ती झरझर चालली. "काय आहे ते विचारू नकोस," ते म्हणाले. "मला माहीत नाही. यांना माहीत आहे." आणि दहा बोटं माझ्यासमोर हलवून दाखवली.

फाइल उघडली. एकतीस तुकड्या, सगळे वार, सगळे तास. माझा जीव भांड्यात पडला. सर बोटाने एकेक ओळ खाली जात होते आणि पुटपुटत होते, "हो, हे असंच. हो. अरे वा, हे चांगलं जमलंय की."

मी पेनड्राइव्ह पुढे केला तर म्हणतात कसे, "पेनड्राइव्ह नको. फाइलला पाय फुटतात." मग मात्र मी माझा सगळा राग बाहेर काढला. म्हटलं, सर, नववीत तुम्ही मला बाकावर उभं केलंत, मी उभी राहिले. आज तुम्ही ऐकायचं. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक कागदावर, आणि तो अठ्ठेचाळीस आकडी नंबर मोठ्या अक्षरांत छापून घरच्या कपाटात. आणि हा कॉम्प्युटर आजपासून समोरच्या कोपऱ्यात, लांब वायर मी आणून देते. सर निमूटपणे हो म्हणाले. बाकावर उभं केल्याचं मात्र आठवत नाही म्हणाले. हे त्यांनी मुद्दाम केलं असा माझा संशय आहे.

प्रत करता करता मी फाइल पाहिली. बघू नकोस असं बजावलं होतं, म्हणूनच पाहिली. प्रत्येक शिक्षकासमोर शेवटच्या रकान्यात सरांनी बारीक टिपा लिहिल्या होत्या. "गुडघे दुखतात. वरचा मजला नको." "वडील आजारी. दुपारनंतर मोकळं ठेवावं, विचारू नये." "मुलगी लहान आहे. पहिला तास नको असणार, पण स्वतः मागायच्या नाहीत. आपणच काढावा." "या दोघांना एकाच वेळी मोकळा तास देऊ नये, भांडतात." आणि एके ठिकाणी, "या दोघांना एकाच वेळी मोकळा तास द्यावा." त्याखाली वेगळी ओळ होती, "लग्न झालं. आता गरज नाही." मी हसू दाबलं तर सर म्हणाले, "सत्तावीस, नजर सरळ."

निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "ते लक्षात न राहण्याचं... तुझ्यापाशीच ठेव." मी ठेवलं. घरीसुद्धा बोलले नाही, आणि माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल ते माझ्या नवऱ्याला विचारा.

सोमवारी सकाळी मी लांब वायर घेऊन शाळेत गेले. वेळापत्रक स्टाफरूमबाहेरच्या फलकावर लागलं होतं आणि सर शेजारी पेन्सिल घेऊन उभे होते. हा दरवर्षीचा सोहळा आहे. कागद लागला की शिक्षक चिठ्ठ्यांवर आपापले तास उतरवून घेतात, आणि मग फलकासमोर जे भांडण होतं त्याला तोड नाही. मला शेवटचे चार तास का? त्यांना मोकळा शुक्रवार कसा? सर एकेकाला तोंडावर उत्तर देतात, कुणाचं पटलं तर पेन्सिलीने बदलतात, आणि तासाभराने विजयी चेहऱ्याने चहा पितात. सरांच्या मते चांगलं वेळापत्रक ओळखायची खूण एकच, सगळ्यांनी सारख्या आवाजात बोंब मारली पाहिजे.

त्या दिवशी कुणी बोंब मारली नाही. शिक्षक येत होते, चिठ्ठीवर लिहून घेत होते, "छान झालंय हं सर" म्हणत होते आणि आत जात होते. बाकीची त्रेचाळीस माणसं आली आणि गेली. सरांची पेन्सिल हातातच राहिली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तू सांगितलंस?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही सर. शप्पथ."

"मग यांना कळलंय," ते म्हणाले. "आपोआप कळलंय."

मी तडक स्टाफरूममध्ये शिरले. आत सगळे जमले होते. भूगोलाच्या मॅडम मला म्हणाल्या, "आम्हाला गेल्या वर्षापासून माहीत आहे गं. एकच गोष्ट तीन तीनदा विचारतात. शेवटचं वर्ष आहे, आता त्यांना त्रास द्यायचा नाही असं ठरवलंय आम्ही."

"त्रास?" माझा आवाज चढलाच. "तो माणूस बाहेर पेन्सिल घेऊन उभा आहे आणि तुम्ही त्याला छान छान म्हणताय? अहो, याच्याइतका त्रास त्याला जन्मात कुणी दिला नसेल!"

मग कोपऱ्यातल्या विज्ञानाच्या मॅडम उठल्या. सगळ्यांत मवाळ बाई, अकरा वर्षांत त्यांना कधी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या बाहेर गेल्या, सरांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, बुधवारी मला सलग सहा तास आहेत. पाणी प्यायलाही वेळ नाही. हे बरोबर नाही."

सरांनी फलकावर बोट ठेवलं आणि बुधवार उभाच्या उभा तपासला. आतून सगळे दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"चुकलंय," सर म्हणाले. "माझंच चुकलंय." पेन्सिलीने त्यांनी दोन चौकोनांभोवती गोल काढले, मग मागे वळून दारातल्या गर्दीकडे पाहिलं. आवाज अगदी रोजचा, वर्गातला. "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. तोंडी काही सांगू नका. लिहून द्या."

विज्ञानाच्या मॅडमनी पर्स उघडली आणि आपले तास उतरवलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. मागच्या बाजूला तीन तक्रारी लिहिलेल्या होत्या, क्रमांक घालून. मग खेळाच्या सरांनी शर्टाच्या खिशातून एक काढली. भूगोलाच्या मॅडमनी चष्म्याच्या डबीतून काढली. कुणी पुस्तकातून, कुणी मोबाइलच्या कव्हरमधून. सगळ्यांनी सकाळीच लिहून ठेवल्या होत्या आणि द्यायचा धीर न झाल्याने तशाच जपून ठेवल्या होत्या. बघता बघता फलकासमोर धक्काबुक्की सुरू झाली, मागून कुणीतरी ओरडलं, "आधी माझा शुक्रवार!"

सरांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला.

"रांगेत या," ते म्हणाले.